उत्प्रेरकयुक्त लिथियम-सल्फर सेलची चाचणी: नागपुरातील एका प्रयोगशाळेची सेवा

उत्प्रेरक म्हणून कोबाल्टयुक्त कार्बन घातलेल्या लिथियम-सल्फर कॉइन सेलची (नाण्याच्या आकाराच्या छोट्या बॅटरीची) चाचणी आम्ही नागपुरातील एका खासगी प्रयोगशाळेकडून करून घेतली. सल्फरची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे सुमारे १६७५ मिलिअँपिअर-तास असली, तरी डिस्चार्ज होताना तयार होणारी पॉलिसल्फाइडे (लिथियम-सल्फरची मधली संयुगे) इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे सेलमधील आयन वाहून नेणाऱ्या द्रवात, विरघळून लिथियमकडे सरकतात आणि क्षमता घटत जाते; उत्प्रेरक त्यांचे लिथियम सल्फाइडमध्ये होणारे रूपांतर जलद करतो, त्यामुळे त्याची खरी कसोटी २.१ व्होल्टच्या आसपासच्या टप्प्यात लागते. हा टप्पा आलेखात वेगळा दाखवला होता आणि तुलनेसाठी कोबाल्टविरहित, पण त्याच कार्बनचे सेलही तपासले होते, हे मला विशेष मोलाचे वाटते. नागपूरचा मे महिना लक्षात घेऊन ४५ अंशांवर चाचणी करण्याची विनंतीही त्यांनी मान्य केली.

मात्र अहवालात प्रति चौरस सेंटिमीटर सल्फर किती आणि त्या सल्फरच्या प्रमाणात इलेक्ट्रोलाइट किती, हे नव्हते. मुबलक इलेक्ट्रोलाइटमध्ये सामान्य सेलही चांगला दिसतो, म्हणून हे आकडे मागावेच लागले. ते दुसऱ्याच दिवशी मिळाले. काम देताना हे आकडे देण्याची अट आधीच लेखी घालावी.