मसालेदार बिस्किट ट्रफल: क्रीम चीज की कंडेन्स्ड मिल्क?

न भाजता ट्रफल, म्हणजे बिस्किटांच्या चुऱ्याचे चॉकलेटमध्ये बुडवलेले गोळे करायचे, पण चुरा बांधायचा कशाने, इथेच गाडी अडते. २५० ग्रॅम आल्याच्या बिस्किटांना क्रीम चीज साधारण १२५ ग्रॅम लागतं. ते किंचित आंबट, त्यामुळे दालचिनी-लवंग उठून दिसते. मात्र गोळे मऊ राहतात; वळण्याआधी मिश्रण तासभर फ्रिजमध्ये हवंच.

कंडेन्स्ड मिल्क एकेक चमचा घाला, एकदम ओतलंत तर चिखल! गोळे लगेच वळतात, टिकतातही जास्त. पण गोडवा मसाल्याला दाबतो. चिमूटभर मीठ घाला.

चॉकलेटचं आवरण दोन्हींवर बसतं, फक्त गोळे फ्रीजरमधून थेट बुडवू नका, तडे जातात.

लगेच संपणार असतील, तर क्रीम चीज. डबा भरून भेट द्यायची, तर कंडेन्स्ड मिल्क.