एका वर्षाचं घरबसल्या नर्सिंग की तीन वर्षांचं जीएनएम?

मे महिन्यात सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलातून एक बाई मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगी नुकतीच बारावी झालेली, आई दिवसभर विड्या वळणारी. हातात रंगीत पत्रक: ‘घरबसल्या नर्सिंग, 1 वर्षात डिप्लोमा, 100 टक्के नोकरी.’ फी 45 हजार, तीन हप्त्यांत.

“एका वर्षात नर्स करतो म्हणलालेत, सिस्टर. कॉलेजात तीन वर्षं जातात. भरू का पैसे?”

मी 24 वर्षं वॉर्डात काढली आहेत. त्यातली बरीचशी विद्यार्थिनींना हाताखाली घेऊन. त्या माउलीला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण असं पत्रक घेऊन विचारायला येणाऱ्या त्या पहिल्या नव्हत्या.

आधी कागदाचं बोलू. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव लागतं. तिथे पोहोचवणारे कोर्स मोजके आहेत: एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी) 2 वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) 3 वर्षांचं आणि बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचं, जे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून होतं. एएनएम आणि जीएनएमला बारावी लागते. बीएस्सीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं आणि सीईटी द्यावी लागते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2020 च्या नियमांनुसार नर्सिंग आणि वैद्यकीय शिक्षण ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने देता येत नाही. म्हणजे पत्रकातल्या डिप्लोमावर कितीही शिक्के असले तरी कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये त्याला जागा नाही.

मी त्या बाईंसमोरच पत्रकावरच्या नंबरला फोन लावला. प्रॅक्टिकल कुठे होतं, विचारलं. “टाय-अप आहे मॅडम.” कोणत्या हॉस्पिटलशी? “ॲडमिशन झाल्यावर कळवतो.” कौन्सिलची नोंदणी मिळते का? “आमचं सर्टिफिकेट ऑल इंडिया चालतं.” तीन प्रश्नांत एकाही हॉस्पिटलचं नाव निघालं नाही.

नोकरी मिळतच नाही असं मी म्हणणार नाही. लहान दवाखान्यांत अशा मुली घेतात, पांढरा कोट देतात, पेशंट त्यांना सिस्टरच म्हणतात. पण पगार मदतनिसाचा आणि जबाबदारी नर्सची. जिल्हा परिषदेच्या किंवा सरकारी दवाखान्याच्या भरतीत नोंदणी नंबर मागतात, तिथे त्यांचा अर्जच टिकत नाही. आणि वॉर्डात काही बिघडलं तर सगळ्यात आधी बोट तिच्याकडेच जातं.

आता हाताचं बोलते, कारण माझ्या लेखी खरा फरक तिथे आहे.

आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये जुलाब-उलट्या होऊन, पार सुकून गेलेला म्हातारा माणूस कॅज्युअल्टीत येतो. सलाईन लावायचं असतं आणि व्हीन, म्हणजे शीर, सापडत नाही. डोळ्यांना दिसते ती व्हीन बोटाखाली सरकते. जी दिसतच नाही ती कोपराच्या आत बोट टेकवल्यावर, दाबून सोडल्यावर, स्प्रिंगसारखी वर येते. हात खाली सोडून ठेवायचा, गरम पाण्यात भिजवलेला कपडा गुंडाळायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग कॅन्युला, म्हणजे शिरेत घालायची बारीक नळी, आडवी धरून आत घ्यायची. हे दोन मिनिटं थांबणं व्हिडिओ बघून येत नाही. नातेवाईक डोक्यावर उभे असतात, हात थरथरतो. माझ्या हाताखालच्या मुलींना हे जमायला पहिल्या वर्षातले कित्येक महिने लागायचे, आणि प्रत्येक वेळी शेजारी कुणीतरी उभं असायचं.

म्हणून तर नियमात नर्सिंग कॉलेजला किमान 100 खाटांचं पेरेंट हॉस्पिटल, म्हणजे कॉलेजचं स्वतःचं जोडलेलं हॉस्पिटल, मागितलं आहे आणि एका विद्यार्थिनीमागे 3 पेशंट हे प्रमाण धरलं आहे. आपलं वैशंपायन मेडिकल कॉलेज 1963 पासून सिव्हिलला जोडून आहे ते यासाठीच. खाट आणि वर्ग एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

मग ऑनलाइनचा काहीच उपयोग नाही का? आहे. ॲनॉटॉमी, औषधांची नावं, डोसाची गणितं यांच्या उजळणीला मोबाइलवरचे तास फार चांगले. रात्रपाळी करणाऱ्या नोंदणीकृत नर्सला पुढे शिकायचं असेल तर तिला त्याचा मोठा आधार होतो. इग्नूचा पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग हा दूरशिक्षणाचा कोर्स आधीच नोंदणी असलेल्या, नोकरीतल्या नर्ससाठी काढलेला होता. जिचे हात तयार आहेत तिने पुस्तक घरी वाचलं तर बिघडत नाही.

अमेरिकेत या धंद्याचं फार मोठं प्रकरण बाहेर आलं. जानेवारी 2023 मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणांनी ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ची माहिती जाहीर केली. फ्लोरिडातल्या तीन खासगी नर्सिंग शाळांमधून 7,600 हून जास्त बनावट डिप्लोमा विकले गेले होते. यात 25 जणांवर गुन्हे दाखल झाले. त्यातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते ती अशी, की डिप्लोमा विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे 2,400 जण लायसन्सची परीक्षा पास झाले. यातले बरेच जण आधीपासून नर्सिंगचं छोटंमोठं काम करणारे असतीलही. पण वॉर्डातले तास न भरताही माणूस पेपर सोडवू शकतो, एवढं यातून कळतं. तिथे हा आजार जुना आहे. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या 1910 साली सोलापुरात जन्मले, त्याच साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या 155 मेडिकल शाळांचा अहवाल मांडला होता. फीवर चालणाऱ्या, ना प्रयोगशाळा ना हॉस्पिटल अशा शाळा त्यात उघड्या पडल्या आणि पुढच्या काही वर्षांत कितीतरी बंद झाल्या.

पण सोलापुरात खरी कसोटी लागते ती दुसऱ्याच निवडीत. पत्रकातला डिप्लोमा खोटा आहे हे दोन फोन करून कळतं. ‘नॉन-अटेंडिंग’ जीएनएम कळत नाही, कारण तिथला कागद खरा असतो. आपण कर्नाटकच्या सीमेवर राहतो. इकडच्या-तिकडच्या दोन्ही राज्यांतल्या कॉलेजांचे एजंट गावोगाव फिरतात आणि सांगतात: नाव घाला, परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो. घरी राहून तीन वर्षं कुठेतरी नोकरी करा, पगार घ्या, शेवटी नोंदणीही होईल. गरीब घराला हे सोयीचं वाटतं आणि मी त्या आईबापांना दोष देणार नाही.

अशी एक मुलगी आमच्याकडे स्टाफ म्हणून आली होती. रजिस्ट्रेशन पक्कं, स्वभाव गोड. नाइटला डॉक्टरांनी एका पेशंटला पोटॅशियम क्लोराइड लिहिलं. ते सलाईनच्या बाटलीत मिसळून थेंबथेंब, तासन्‌तास द्यायचं असतं. तिने ॲम्प्यूल फोडली, सिरिंजमध्ये औषध ओढलं आणि सिरिंज थेट कॅन्युलाला लावायला निघाली. तसं दिलं असतं तर हृदय जागीच थांबलं असतं. शेजारच्या खाटेवर बीपी घेणाऱ्या सिस्टरने ते पाहिलं आणि तिचं मनगट धरलं. ती पोर नंतर ड्युटी रूममध्ये रडत म्हणाली, “मला कुणी सांगितलंच नव्हतं.” ते खरंच होतं. तीन वर्षांत तिला ते सांगायला शेजारी कुणीच उभं नव्हतं. त्या रात्री मला तिचा राग आला नाही, तिची फी घेणाऱ्यांचा आला. तो अजून गेलेला नाही.

म्हणून हजेरी लावायला भाग पाडणारं जीएनएम आणि नॉन-अटेंडिंग जीएनएम यांत निवड असेल तर दुसरं फुकट मिळालं तरी घेऊ नका. तीन वर्षं परवडत नसतील तर नीट शिकवणारं दोन वर्षांचं एएनएम करा. तेही जमत नसेल तर पेशंट असिस्टंटचा लहान कौशल्य कोर्सही प्रामाणिक मार्ग आहे, फक्त तो करून आपण नर्स झालो असं समजू नका.

पैशाचं थोडक्यात. शासनाच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर मिळतात. 2024 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक कोर्सला गेल्यावर फीमाफीही आहे. आपला कोर्स त्यात बसतो का ते प्रवेशाआधी कॉलेजात विचारून घ्या. पत्रकवाल्याकडे भरलेल्या 45 हजारांतला मात्र एक रुपयाही कुठून परत येत नाही.

डॉक्टरकीचं विचारणारेही येतात. परदेशातलं एमबीबीएस, अर्धं ऑनलाइन, असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा. 2021 च्या नियमांनुसार परदेशातला कोर्स किमान 54 महिन्यांचा, त्याच संस्थेत आणखी 12 महिन्यांची इंटर्नशिप, शिक्षण इंग्रजीतून, आणि इकडे आल्यावर पुन्हा इंटर्नशिप. कोविड आणि युक्रेनच्या युद्धामुळे शेवटचं वर्ष घरूनच पूर्ण केलेल्या मुलांना 2022 मध्ये इथे एकाऐवजी दोन वर्षांची इंटर्नशिप लावली होती. चूक त्यांची नव्हती, तरीही बुडालेले तास भरावेच लागले.

कॉलेज निवडायचं झालं तर माहितीपुस्तिका बाजूला ठेवा. कौन्सिलच्या यादीत नाव पाहा, पेरेंट हॉस्पिटलचं नाव लेखी मागा आणि एका साध्या दिवशी सकाळी पावणेआठला त्या हॉस्पिटलच्या गेटवर जाऊन उभे राहा. युनिफॉर्ममधल्या मुली ड्युटीला येताना दिसतात का पाहा. दिसल्या तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखादीला थांबवून तिच्या लॉगबुकाबद्दल, म्हणजे वॉर्डात केलेल्या कामांच्या नोंदवहीबद्दल, विचारा, “काल लॉगबुकात कशाची सही घेतलीस गं?” जी मुलगी खाटेजवळ शिकते आहे ती क्षणाचाही विचार न करता सांगते.