इसबगोल, चार महिने रोज: गुणाला पूर्ण मार्क, पाकिटाला शून्य

गणपतीच्या आदल्या दिवशी अर्धं पाकीट इसबगोल फेकून द्यावं लागलं, तेव्हापासून डोकं तापलंय म्हणून लिहायला बसले. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, आठवा महिना चालू आहे आणि मेपासून इसबगोल जवळजवळ रोज घेतेय. इसबगोल म्हणजे पोट साफ व्हायला पाण्यातून घेतात तो बियांवरचा भुसा, बाकी वर्णनात वेळ घालवत नाही.

चौथ्या महिन्यात लोहाची गोळी सुरू झाली, ती लाल, ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडवाली, आणि आठवड्याभरात पोट ठप्प. तीन-तीन दिवस काही नाही. या दिवसांत प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे आतडी आधीच सुस्तावलेली असतात, त्यात लोह, त्यात बडोद्याचा मे महिना. जे काही व्हायचं ते काळं व्हायचं, मी पार घाबरून गेले, पण लोहाने तसं होतं असं डॉक्टरबाई म्हणाल्या. गोळी थांबवू का विचारलं तर रागावल्याच, गोळी अजिबात थांबवायची नाही, पोटाचं आपण बघू. मग त्यांनी रात्री जेवणानंतर दोन चहाचे चमचे इसबगोल सांगितलं, लोहाच्या गोळीत आणि यात दोन तास तरी अंतर ठेवून.

पहिले दहा दिवस मी या इसबगोलला शिव्याच दिल्या. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं आणि उलट आणखी घट्ट. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी एक मार्क दिला असता. शेजारच्या गुजराती मासींना सांगितलं तर त्या आधी हसल्या, आमच्याकडे याला घोडाजीरू म्हणतात, हे गुजरातेतल्या ऊंझ्याच्या मार्केटमधून अख्ख्या दुनियेत जातं, असं अभिमानाने सांगितलं आणि मग विचारलं, किती पाण्यात घेतेस? मी म्हटलं फुलपात्रभर. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "पाणी वधारे पीजो, बेन."

घरी येऊन केकच्या मापाने मोजलं, आमचं फुलपात्र काठोकाठ भरून १५० मिली. खरं तर २५० मिलीचा मोठा पेला पाहिजे आणि वरून अजून थोडं. भुसा पाणी पिऊन फुगतो आणि त्या ओलाव्यानेच मल मऊ होतो, पाणीच कमी पडलं तर तो फुगलेला गोळा आत अडकून बसतो. आणि पाण्यात घातल्यावर लगेच प्यायचं, फोन आला म्हणून दोन मिनिटं ठेवलं की खळ होते आणि घशाखाली उतरत नाही. कोरडं तर तोंडात टाकूच नका, घशात अडकतं. घेतल्या घेतल्या आडवंही व्हायचं नाही, मी गच्चीवर शतपावली घालते. पेला बदलला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी अक्षरशः रडले, इतकं हलकं वाटलं. याचा परिणाम यायला १२ तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो, हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता पाकीट. तीनशेच्या आसपास रुपये घेता, पुठ्ठ्याचा चकचकीत खोका देता, आणि आतली पिशवी कात्रीने कापली की ती परत बंद करायची काही सोयच नाही! ना झिप, ना झाकण, ना मापाचा चमचा. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात, कोरड्या जागी ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्यात कोरडी जागा कुठेय हो? मी रबरबँड लावला, कपड्याचा चिमटा लावला, तरी भुशाचे गठ्ठे झाले आणि कुबट वास यायला लागला. पोटात बाळ आहे, ते खायचं धाडस होईना. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे बॅच नंबर सांगा, तो खोक्यावर होता आणि खोका कधीच रद्दीत गेलेला. तीन फोन, दरवेळी नवीन माणूस, दरवेळी पहिल्यापासून गोष्ट, शेवटी काही नाही. फरसाणच्या पाकिटालासुद्धा झिप असते, आणि गरोदर बाईच्या रोजच्या औषधाला नाही, याचा मला खरंच संताप येतो. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेतलं आणि दीडशे रुपये कचऱ्यात गेले. पावसाळ्यात छोटंच घ्या आणि फोडल्या फोडल्या काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ओता, चमचा कोरडा वापरा.

सासूबाई मधे एरंडेल म्हणत होत्या, त्यांच्या वेळी देत असत म्हणे. मायेनेच सांगत होत्या, पण डॉक्टरबाईंनी स्पष्ट नाही सांगितलं, एरंडेलाने कळा सुरू होऊ शकतात. सासूबाईंनाच पुढच्या तपासणीला सोबत नेलं, त्यांनी स्वतः ऐकलं आणि विषय संपला. सोनामुखीची जुलाबाची चूर्णंही मनाने घ्यायची नाहीत.

सहाव्या महिन्यात एकदा कुंथताना रक्त दिसलं. दोन दिवस लाजून कुणाला बोलले नाही, ही माझी मोठी चूक. शौचाच्या जागी चीर पडली होती. तेव्हा थोडे दिवस लॅक्टुलोजचं, मल मऊ करणारं सिरप दिलं, गोड आणि चिकट, गॅस खूप होतो पण काम करतं. रक्त दिसलं किंवा पोटात जोरात दुखायला लागलं तर बायांनो लाजू नका, त्याच दिवशी दाखवा.

बाकी पेरू, भिजवलेल्या मनुका, संध्याकाळी कमाटी बागेत एक फेरी, हे सगळं करतेच. पण पैसे वसूल म्हणाल तर मंगळबाजारातून १२० रुपयांना आणलेलं प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल. कमोडवर बसून पाय त्यावर ठेवले की गुडघे कमरेच्या वर येतात आणि जोर लावावा लागत नाही. आधी दोन पाट एकावर एक ठेवायचे, ते ओल्या फरशीवर सरकले, तसं मुळीच करू नका.

आता इसबगोलला पाचपैकी साडेचार, पाकिटाला शून्यच. बाळंतपणानंतरही लोहाची गोळी १८० दिवस घ्यायचीय, म्हणून दवाखान्याच्या बॅगेत एक छोटी बरणी भरून ठेवलीय, आणि शेजारी तो मोठा पेला.