शेताची राखण: घुबडाची पेटी की करवंदाचं कुंपण?

गव्हाणी घुबडासाठीची लाकडी पेटी आणि करवंदाची रोपं, दोन्ही राखणीच्या नावाखाली विकली जातात. पण घुबड उंदीर आवरतं, करवंद गुरंढोरं. दोन्हींपुरते पैसे नसतील तर आधी करवंद घ्या. ते लावलं की जगतं. पेटीत घुबड येईलच असं नाही.

कुंपणाला बियांची रोपं पुरतात. 'कोकण बोल्ड' ही करवंदाची जात घ्यायची ती फळांसाठी. घेताना पिशवीचा तळ बघा, मुळांचा वेटोळा झाला असेल तर रोप परत करा. पाऊस नीट सुरू झाला की दोन ओळींत, 60 सेंमीवर, एका ओळीतल्या फटीसमोर दुसऱ्या ओळीतलं रोप येईल असं लावा. 100 मीटरला साधारण 335 रोपं लागतात. बहुतेकांचं कुंपण फसतं ते छाटणीत. शेंडा तसाच वाढू दिला की बुडाशी भगदाडं राहतात आणि शेळ्या तिथूनच आत शिरतात. रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा मारा, खालून फुटवे येतील. जोडकाटे आणि पांढरा चिकट चीक, दोन्हींसाठी जाड हातमोजे हवेतच. आडोसा व्हायला दोन-तीन वर्षं लागतात.

पेटी घेण्याआधी जुना वाडा, विहिरीची कपार, गोठ्याचं आढं पाहून या. तिथे पांढरी विष्ठा आणि घुबडाने ओकलेले काळपट गोळे दिसले तरच पैसे घाला. असा गोळा पाण्यात भिजवून उकलला की केसांत गुंतलेल्या उंदरांच्या कवट्या निघतात; घुबड काय खातं याचा याहून चांगला पुरावा नाही. पेटी आतून साधारण 60 × 40 × 40 सेंमीची, भोक 15 सेंमीचं आणि तळापासून थोडं वर, नाहीतर पिल्लं खाली पडतात. तळाला पाणी निथळायला छिद्रं हवीत. आतून रंग नको. साधं प्लायवूड एका पावसाळ्यात फुगतं, त्यामुळे स्वस्त पेटी महागात पडते. 3 ते 5 मीटर उंचीवर, तोंड पूर्वेला ठेवून बसवा. कधी साळुंक्या किंवा मधमाश्याच आधी ठाण मांडतात.

दोन्ही करणार असाल तर करवंदाचं बूड तणमुक्त ठेवा. घुशी त्याच गचपणात बिळं करतात आणि घुबडाला काट्यांत झडप घालता येत नाही. पेटी लावलेल्या शेतात ब्रोमॅडिओलोनसारखं विष मात्र अजिबात टाकू नका. उंदीर त्याने लगेच मरत नाही, सुस्तावून उघड्यावर फिरतो, घुबडाच्या सहज हाती लागतो आणि तेच विष पिल्लांच्या पोटात जातं.