रास्पबेरी पाय ४, डॅक प्लस आणि मूड ऑडिओ: सोलापुरातल्या घरी हा स्ट्रीमर कसा चालतो

तयार स्ट्रीमर, म्हणजे साठवलेल्या फायलींतली गाणी ॲम्प्लिफायरला पोचवणारं यंत्र, विकत घ्यावा की सुटे भाग आणून घरीच जुळवावा? ज्यांच्याकडे स्वतःचा संग्रह आहे, म्हणजे सीडी, कॅसेट, वर्षानुवर्षं जमवलेल्या फायली, त्यांनी जुळवावा असं माझं स्पष्ट मत आहे. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्याच्या डोक्यावर बसणारा आणि डिजिटल फायलीचं ॲम्प्लिफायरला लागणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डॅक प्लस हा बोर्ड आणि मूड ऑडिओ हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्या सामानात आवाजाला कुठेही उणं राहत नाही. अडतं ते दोनच गोष्टींत: वीज अचानक गेली की, आणि गाण्यांची नावं नीट लिहिलेली नसली की. सोलापुरात दोन्हींशी गाठ पडते, म्हणून या परीक्षणात आवाजापेक्षा त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

पाय ४ चं २ जीबीचं मॉडेल पुरे. ८ जीबी घेतल्याने गाण्यात काडीचाही फरक पडत नाही. पाय ५ जास्त तापतो आणि त्याचा अधिकृत ॲडॉप्टर ५ अँपिअरचा आहे. नुसती गाणी वाजवायला एवढी ताकद कशाला? घरात जुना ३ बी प्लस पडून असेल तर तोही झकास चालतो. पाय ४ ला ३.५ मिमीचं सॉकेट आहे, पण ते ॲम्प्लिफायरला जोडून वेळ मारून नेऊ नका. त्याचा दर्जा बेताचा असतो आणि आलापीच्या शांत जागी, मागे फक्त तंबोरा असताना, खरखर उघडी पडते.

म्हणून डॅक प्लस. पूर्वी हा आयक्यूऑडिओ या नावाने मिळायचा, आता रास्पबेरी पायच विकते. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम ५१२२ ही चिप आहे आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंतच्या फायली तो वाजवतो. आउटपुट साधारण २ व्होल्टचं असल्याने ॲम्प्लिफायरच्या ऑक्स किंवा सीडी इनपुटला थेट जोडता येतं. रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या फोनो इनपुटला मात्र चुकूनही लावू नका, आवाज फाटतो. जुन्या डेकला मागे पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असेल तर डिन ते आरसीए (लाल-पांढऱ्या टोकांची) वायर घ्यावी लागेल. हेडफोनचं सॉकेटही आहे. साध्या हेडफोनला ते छान, जास्त ओहमच्या स्टुडिओ हेडफोनला अपुरं.

जोडणी सोपी आहे, पण घाई नको. वीज बंद ठेवून चारही कोपऱ्यांना स्पेसर लावा, ४० पिनांवर डॅक सरळ धरा आणि दोन्ही टोकांनी सारखा दाबा. एका बाजूने अर्धवट बसला तर पाय चालू होतो, पण डॅक दिसत नाही. ‘आवाजच येत नाही’ या तक्रारीचं पहिलं कारण बहुतेक हेच असतं. दोन्ही बोर्डांमध्ये १० ते १२ मिमीच जागा उरते, त्यामुळे प्रोसेसरवर चिकटवायचा हीटसिंक (उष्णता काढणारा धातूचा तुकडा) ६ मिमीपेक्षा उंच नको. वरून-खालून आवळणारी ॲल्युमिनियमची जाड केस डॅकसह बसत नाही. आरसीएची भोकं असलेली, डॅकसाठीच बनवलेली केस मागवा.

केसला पंखा नको. पूर्व भागात, साखर पेठ किंवा अशोक चौकाच्या बाजूला, यंत्रमागांचं सुताचं तूस हवेत असतं आणि ते पंख्याच्या पात्यांना गुंडाळून बसतं. काही महिन्यांत पंखा घरघरायला लागतो आणि ती घरघर गाण्यात ऐकू येते. पंख्याची गरजही नाही. फ्लॅक, म्हणजे दर्जा न गमावता आकार कमी केलेली, फाइल वाजवताना प्रोसेसरवर फारसा भार नसतो आणि पाय ४ वेग कमी करायला लागतो तो ८० अंश सेल्सिअसच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ अंश असले तरी मोकळ्या शेल्फावर तो निभावून जातो. टीव्हीच्या बंद कपाटात, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवला तर मात्र निभावेलच असं नाही.

ॲडॉप्टर हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अधिकृत ॲडॉप्टरच घ्या. मोबाइलच्या चार्जरने पाय सुरू होतो, म्हणून लोक फसतात. पण बारीक वायरीत व्होल्टेज उतरतं, ते ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय स्वतःचा वेग कमी करतो, आणि यूएसबीला लावलेली डिस्क मधेच गायब होते. गाणं मध्यावर थांबलं, लायब्ररी रिकामी दिसली, पुन्हा चालू केल्यावर सगळं ठीक, असं होत असेल तर सॉफ्टवेअरच्या मागे लागण्याआधी ॲडॉप्टर बदलून बघा.

डिस्कच्या बाबतीत एक गोष्ट अनेक जाणकारांच्याही नजरेतून सुटते. पाय ४ ला दोन निळी यूएसबी ३ आणि दोन काळी यूएसबी २ सॉकेटं आहेत. वेग जास्त म्हणून हात निळ्याकडे जातो. पण यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो आणि त्याच पट्ट्यातलं वायफाय अडखळतं. डिस्क काळ्या सॉकेटला लावा. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या स्टिरिओ फायलीला सेकंदाला ९.२ मेगाबिट लागतात, यूएसबी २ ची मर्यादा ४८० आहे; कमतरता कसलीच नाही. राउटर जवळ असेल तर सरळ लॅन वायर टाका. नसेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा आणि देश म्हणून भारत निवडायला विसरू नका.

फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी घ्या: उन्हाळ्यात कमी तापते, आवाज नाही, वीज कमी खाते. १ टीबीत किती मावतं? सीडीचा एक तास फ्लॅकमध्ये साधारण ३०० ते ३५० एमबी होतो, म्हणजे अडीच हजार सीडी तरी आरामात.

मूड बसवणं तासाभराचं काम. १६ किंवा ३२ जीबीचं चांगलं मेमरी कार्ड घ्या, रास्पबेरी पाय इमेजरने त्यावर मूडची इमेज लिहा आणि लिहिण्याआधी सेटिंगमध्ये युजरनेम, पासवर्ड, वायफाय भरून टाका. कार्ड घालून पाय चालू केला की मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ‘मूड डॉट लोकल’ उघडायचं. जुन्या अँड्रॉइडवर हा पत्ता उघडत नाही. तेव्हा राउटरच्या पानावरून पायचा आयपी क्रमांक शोधा आणि तिथेच तो कायमचा राखून ठेवा. मग कॉन्फिगरमधल्या ऑडिओ पानावर आय-टू-एस (पिनांवरून जोडलेल्या) उपकरणांच्या यादीतून डॅकचं नाव निवडून पाय रीस्टार्ट करा. आउटपुट म्हणून डॅकच निवडला आहे ना, हेही बघा, नाहीतर आवाज एचडीएमआयकडे जात राहतो. व्हॉल्यूमचा प्रकार ‘हार्डवेअर’ ठेवा आणि पहिलं गाणं लावण्याआधी आकडा ३० च्या खाली आणा. ‘फिक्स्ड’ ठेवलं तर पूर्ण दाबाचा आवाज थेट स्पीकरवर आदळतो. रीसँपलिंग (फायलीचा किलोहर्ट्झचा आकडा बदलणं) आणि क्रॉसफेड (एक गाणं पुढच्यात मिसळणं) दोन्ही बंद. मैफलीच्या सीडीत आलाप एका ट्रॅकवर आणि बंदिश पुढच्या ट्रॅकवर असते; फ्लॅकमध्ये तो सांधा अजिबात कळत नाही, आणि या यंत्राची ही बाजू मला मनापासून आवडते.

आता संग्रह. खरा वेळ इथे जातो आणि तो घालवण्यासारखा आहे.

सीडी उतरवायला विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा मोफत प्रोग्रॅम उत्तम. सिक्युअर मोड आणि फ्लॅक निवडा. आपली प्रत ॲक्युरेटरिप या ऑनलाइन यादीतल्या नोंदीशी जुळते का हे तो तपासतो, पण मराठी, कन्नड सीडींची तिथे बऱ्याचदा नोंदच नसते. अशा वेळी ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरा: सीडी दोनदा वाचली जाते आणि दोन्ही वेळच्या तपासणी-बेरजा (चेकसम) जुळल्या तर प्रत निर्दोष समजायची. ओरखडे पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्या, गोल गोल नको.

मग नावं. सोलापुरी घरात मराठी अभंग, कन्नड वचनं, तेलुगू भजनं आणि हिंदी गाणी एकाच कपाटात असतात आणि प्रत्येकाचं लेखन वेगळं. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतलं नाव असे चार प्रकार राहिले तर लायब्ररीत चार वेगळे गायक दिसतात. एक रूप ठरवा, कागदावर लिहून ठेवा, आणि उपाधी नावात घालू नका. एमपीथ्रीटॅग या प्रोग्रॅमने शेकडो फायली एकदम दुरुस्त होतात.

देवनागरीत याहून छुपी गोची आहे. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर येतं, दुसऱ्यावर ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लागतं. ‘ॲ’चंही तेच. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. एकच अल्बम दोनदा दिसतोय, एकात पाच गाणी, दुसऱ्यात सात, आणि नावात काहीच फरक सापडत नाही, असं झालं तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका: एका ठिकाणचं नाव कॉपी करून सगळ्या बारा फायलींत पेस्ट करा.

अनेक गायकांच्या अल्बममध्ये ‘अल्बम आर्टिस्ट’ची जागा रिकामी ठेवली की प्रत्येक गायकाचा एकेका गाण्याचा अल्बम तयार होतो, तिथे ‘विविध गायक’ लिहा. संगीतकाराचं नाव ‘कंपोझर’मध्ये जातं. गीतकाराची पंचाईत आहे. मूडच्या पोटातला एमपीडी हा प्लेअर गीतकाराचा वेगळा टॅग (फाइलमधली माहितीची नोंद) वाचत नाही, आणि भावगीतांच्या संग्रहाला ही उणीव बोचतेच. गीतकार ‘कॉमेंट’मध्ये लिहिणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. राग ‘जॉनर’मध्ये टाका, फ्लॅकमध्ये एकाहून अधिक जॉनर चालतात, एमपीथ्रीटॅगमध्ये दोहोंच्या मध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा द्यायच्या. मग ‘नाट्यसंगीत’ आणि ‘यमन’ दोन्हींखाली तेच पद सापडतं. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘कव्हर’ नावाचं ६०० ते १००० पिक्सेलचं चित्र ठेवा, मग लायब्ररी अपडेट करा. पायलाच टचस्क्रीन जोडला आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर त्यावर भारतीय लिप्यांचे नोटो फाँट बसवावे लागतील. मोबाइलवर ही अडचण येत नाही.

कॅसेटसाठी आधी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग ॲझिमथचा, म्हणजे हेडचा तिरकेपणा ठरवणारा, स्क्रू कानाने जुळवा: झांजेचा आवाज सर्वांत उघडा ऐकू येईल तिथे थांबायचं. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एका तासाला १ जीबीच्या आसपास जागा लागते. फ्लॅक केल्यावर कमी होते, पण टेपच्या सळसळीचा आकार फारसा घटत नाही, म्हणून सीडीइतकी नाही.

वीज. गाणी वाचली जात असताना पुरवठा गेला तर बहुतेक वेळा काही होत नाही. नेमकी लायब्ररी अपडेट होताना किंवा डिस्कवर फायली जात असताना गेला तर कार्ड किंवा डिस्क खराब होऊ शकते. इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर ठेवा, साध्या मोडवर बदल होताना पाय रीस्टार्ट होऊ शकतो. राउटरही त्याच लाइनवर हवा, नाहीतर गाणं चालू आणि मोबाइलवरचा रिमोट बंद अशी गत होते. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस पायला बहुधा पुरत नाही, त्याचं ५ व्होल्टचं आउटपुट किती अँपिअरचं आहे ते बघूनच घ्या. नव्या फायली नेहमी संगणकावरून एसएसडीत भरा आणि डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढा. तशीच उपटलेली, विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क पायवर कधीकधी फक्त वाचण्यापुरती उघडते. सेटिंग जमली की मूडचा बॅकअप घ्या आणि दुसरं कार्ड तयार करून डब्यात ठेवा.

वीज फारच वरचेवर जात असेल तर याच सामानावर मूडऐवजी पायकोअरप्लेअर हे सॉफ्टवेअर टाकून बघा. तो पूर्णपणे रॅममधून चालतो, त्यामुळे अचानक बंद झाला तरी कार्डाला धक्का लागत नाही. सेटिंग बदलल्यावर त्यातला ‘बॅकअप’ दाबावा लागतो, नाहीतर बदल पुसले जातात. सोबत लिरियन म्युझिक सर्व्हर घेतला, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला लॉजिटेक मीडिया सर्व्हर म्हणत तो, की वरच्या मजल्यावर दुसरा पाय ठेवून दोन्हीकडे एकच गाणं लावता येतं. दिसायला मूड जास्त देखणा. व्हॉल्युमिओ नवख्याला सर्वांत सोपा, पण त्यातल्या बऱ्याच चांगल्या सोयी पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत.

सगळं जोडल्यावर स्पीकरमधून बारीक ‘हुंऽऽ’ ऐकू आलं तर डॅकला दोष देण्याआधी ॲम्प्लिफायरला लावलेला सेट टॉप बॉक्स सुटा करा. केबलच्या वायरीतून येणारं अर्थिंग आणि घरातलं अर्थिंग यांचा फेरा झाला की ही गुणगुण येते. सुटा केल्यावर ती थांबली तर टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरीने ॲम्प्लिफायरकडे न्या. तिच्यातून वीज नाही, प्रकाश जातो, म्हणून फेरा तुटतो. ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट नसेल तर स्वस्तातला ऑप्टिकल ते आरसीए कन्व्हर्टर मधे घाला, आणि ॲम्प्लिफायरची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो बिलकूल ऐकू नका, त्यात शॉकचा धोका आहे.