गरोदर म्हणून नोकरीवरून काढलं: पैसे देऊन वकील करायचा की विधी सेवेचा मोफत?

माझ्या मावसबहिणीला सातव्या महिन्यात एचआरने केबिनमध्ये बोलावलं, राजीनामा टाईप करून तयारच होता, फक्त सही कर म्हणाले, एक्सपिरियन्स लेटर चांगलं देतो. तिने सही केली नाही, आणि मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात हेच सगळ्यात मोठं काम झालं, कारण एकदा कागदावर "स्वतःहून सोडली" आलं की वकील कितीही भारी असू दे, आधी तेच खोडत बसावं लागतं. घरी येऊन तिने लगेच मेल टाकला की आज दुपारी तुम्ही माझ्याकडे राजीनामा मागितला, मी दिलेला नाही. आठवड्याने काढल्याचं पत्र आलं आणि मग घरात वाद सुरू, वकील कोणता.

आधी हक्काचं सांगते. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरलं असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी सुट्टी मिळते. त्या सुट्टीत किंवा सुट्टीपायी काढणं बेकायदा आहे, आणि गरोदरपणात मधेच काढलं तरी हा पगार बुडवता येत नाही. फक्त पत्रात "गैरवर्तन" असा शब्द घुसवलाय का ते नीट वाचा, कारण मोठ्या गैरवर्तनाचं कारण दिलं की कंपनीला पगार अडवायची वाट मिळते. अपिलाला ६० दिवस असतात, पत्र हातात पडल्यापासून.

आता खासगी वकील. वेग हवा असेल तर हाच. आम्ही एकाकडे गेलो, त्याने नोटीसचे ८ हजार सांगितले आणि दोन दिवसांत मसुदा दिला, पुढे प्रत्येक तारखेचे वेगळे. पगार मोठा असेल, हुद्दा मॅनेजरचा असेल आणि कंपनीशी बोलून मिटवायचं असेल तर हे पैसे वसूल होतात. पण तो कामगार कायद्याचं काम रोज करतो का हे तोंडावर विचारा, जमीनजुमला आणि घटस्फोट बघणारे पण "करून टाकू" म्हणतात. आणि मिळालेल्या रकमेतून टक्के घेईन असं कोणी म्हणालं तर उठून या, बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमात ते बसतच नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे मोफत वकील देणारं सरकारी ऑफिस, त्याबद्दल लोकांच्या डोक्यात भलतंच आहे, की तिथे पिवळं रेशनकार्ड लागतं. नाही लागत हो! १९८७ च्या कायद्याने बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तसंच अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांनाही. इतरांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. कोर्ट फी, नकला, सगळं त्यातच. ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारात असतं, फोन १५१००. अर्ज, आधारची झेरॉक्स, काढल्याचं पत्र, पगाराच्या स्लिपा, एवढंच घेऊन ती गेली होती.

त्रास पण खरा आहे. वकील नेमायला दिवस जातात, आणि तिच्या पहिल्या वकिलाकडे इतकी कामं होती की फोन उचलायचे नाहीत. तिने लेखी अर्ज देऊन बदलून घेतला, दुसऱ्या बाई मिळाल्या, त्यांनी फाईल पानोपान वाचली, सुपरवायझरचा "आता तुला जमणार नाही" हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज त्यांनीच तारखेसकट प्रिंट काढून लावला. म्हणून मोफत म्हणजे हलका असं मी तरी म्हणणार नाही.

कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार द्यायला तर वकीलच लागत नाही, तेवढी द्याच, पोच घेऊन. आणि प्रकरणात लैंगिक छळ असेल तर १० किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असायलाच हवी, तिथे तक्रार द्यायची मुदत ३ महिन्यांची.

जातीवरून, धर्मावरून प्रमोशन अडवलं असं असेल आणि नोकरी खासगी असेल तर मात्र आधी खासगी वकिलाचा एक तास विकत घ्या, कारण त्यासाठी सरसकट एक कायदा आपल्याकडे नाही आणि तुमची केस कशात बसते हेच आधी कळावं लागतं.

बाळंतपणाच्या प्रकरणात माझं मत विधी सेवेकडे झुकतं. पण ६० पैकी ४५ दिवस उलटून गेले असतील तर वाट बघू नका, अपील खासगी वकिलाकडून टाका आणि पुढच्या तारखांसाठी मोफत वकिलाचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.