पानिपत की असई? वॉरगेमच्या टेबलावर कोणती लढाई मांडावी

मराठ्यांची लढाई वॉरगेममध्ये, म्हणजे टेबलावर मोहरे आणि फासे घेऊन खेळायच्या युद्धखेळात, मांडायची म्हटलं की पहिलं नाव पानिपतचं निघतं. पहिलाच सिनॅरिओ (खेळासाठी मांडलेली लढाई) असेल तर माझा सल्ला असईचा, म्हणजे मराठे विरुद्ध इंग्रज या लढाईचा आहे.

पानिपतची अडचण आकड्यांपासून सुरू होते. लढाई पाहून हकिकत लिहिणाऱ्या काशीराज पंडिताने दिलेलं फौजेचं बळ एक, इतर साधनांतलं दुसरं. कुठलं धरता यावर अर्धा खेळ ठरतो. त्याहून अवघड आहे भूक. डिसेंबर १७६० मध्ये मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी छावणीबाहेर पडलेली माणसं-घोडी उपाशी होती. ही भूक नियमांत आणली नाही तर ते पानिपतच नव्हे. आणली तर भाऊसाहेबांचा खेळाडू हरायलाच बसतो.

त्यावर फौज फुगवून समतोल साधू नका. भाऊंचा बेत फौजेचा गोल बांधून, बुणग्यांना (न लढणाऱ्या माणसांना) मध्ये घेऊन वाट काढण्याचा होता, तेव्हा जिंकणं-हरणं त्यावरच ठरवा: बुणग्यांचे किती मोहरे टेबलाच्या कडेपार सुखरूप गेले? तरीही अब्दालीची राखीव फौज, जंबुरके (उंटांवरच्या हलक्या तोफा), होळकर-शिंद्यांची उजवी बाजू हे सगळं सांभाळताना एक डाव अख्खा दिवस खातो.

असईत नकाशाच अर्धं काम करतो. भोकरदनजवळ केळणा आणि जुई या दोन नद्यांमधला चिंचोळा पट्टा, तारीख २३ सप्टेंबर १८०३. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर गावं दिसली, म्हणजे मध्ये नदी पायी ओलांडता येईल असा उतार असणारच, हे इंग्रज सेनापती वेलस्लीने ताडलं आणि तिथूनच तो पार झाला. त्याची नियमित फौज साडेचार हजारांच्या आसपास. समोर मराठ्यांच्या बाजूने पोलमन, दुपाँ आणि बेगम समरू यांच्या कंपूंचं (युरोपीय पद्धतीने कवायत शिकवलेल्या पलटणींचं) दहा हजारांवर पायदळ, शंभराच्या आसपास तोफा, शिवाय शिंदे-भोसल्यांचं प्रचंड घोडदळ.

हे घोडदळ खेळाडूच्या हाती मोकळं दिलं की इंग्रज दर वेळी चिरडले जातात. प्रत्यक्षात ते जवळपास बघतच राहिलं. म्हणून आम्ही नियम केला: फाशावर सहा पडल्याशिवाय घोडदळ हलणार नाही. कंपूंना मात्र कच्चं पायदळ ठरवू नका. पोलमनने शत्रूसमोर अख्खी रांग काटकोनात फिरवली आणि डावी बाजू असई गावाला टेकवली. ही कवायत कच्च्या फौजेला जमत नाही. रांग फिरवण्याची मुभा मराठ्यांच्या खेळाडूला पहिल्याच टर्नला द्या.

माझा जीव अडकला आहे तो मराठ्यांच्या गोलंदाजांत, म्हणजे तोफा डागणाऱ्यांत. इंग्रजांची रांग तोफा ओलांडून पुढे गेली, तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून मारा सुरू केला. इंग्रजांच्या ७८ व्या पलटणीला उलट फिरून त्याच तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. टेबलावर आम्ही पडलेल्या तोफांचे मोहरे उचलत नाही, उलटे करून तिथेच ठेवतो. पुढच्या टर्नला पाच किंवा सहा पडले की मोहरा सुलटा, तोंड मागे. पहिल्या चाचणीत मित्राने सगळी रांग पुढे दामटली आणि दोन तोफखाने त्याच्या पाठीशी जिवंत झाले. दुसऱ्या वेळी त्याने एक पलटण मागे ठेवली, आणि मग असई गावासमोर त्याला माणसं कमी पडली. खरा पेच हाच आहे, आणि तो कुणाचं बळ न बदलता उभा राहतो.

शेवट ठरवताना वेलस्लीचे १,५८४ मृत, जखमी व बेपत्ता हा आकडा समोर ठेवा. प्रत्यक्ष लढलेल्या फौजेचा हा मोठा हिस्सा होता. इंग्रजांच्या खेळाडूने मैदान मारलं, पण एक तृतीयांशाहून अधिक फौज गमावली, तर आम्ही डाव बरोबरीत धरतो.

पानिपतच करायचं असेल तर सकाळची मराठ्यांची डावी बाजू तेवढी घ्या: इब्राहिमखानाचे गारदी (कवायती पायदळ) विरुद्ध अब्दालीच्या बाजूचे रोहिले, मागे उतावीळ मराठा घोडदळ. एका संध्याकाळीत डाव संपतो, आणि मोठ्या लढाईचे मोहरेही हळूहळू जमत जातात.